काटा खोटा, काठी खरी

२ नोव्हेंबर

तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला, म्हणून मी तक्ता भिंतीवरून ओढूनच काढला. कोपरा फाटला. भिंतीचा पोपडा बुटावर पडला. दारात कॅप्टन उभे होते. म्हणाले, "मिस्त्री, तक्ता मागितला होता. भिंत नव्हती मागितली."

ताई, अकरा वर्षांनी लिहितोय आणि सुरुवात ही अशी. खुशाली विचारायचा हक्क मी ठेवलेला नाही, म्हणून थेट कामाचं लिहितो.

हा तक्ता तुझ्या वेळी नव्हता. नवे मुख्य प्रशिक्षक आले, त्यांनी छापून घेतला. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांना ते आवडतं. 'लहान प्रशिक्षण विमानांचे अपघात : बारा सर्वसाधारण कारणे.' गुळगुळीत कागद, प्रत्येक कारणाला एक चित्र. चित्रांतल्या विमानांना डोळे आणि ओठ आहेत. आपटलेल्या विमानाच्या नाकावर चिकटपट्टी आहे आणि ते हसतंय. दोन वर्षं मी रोज त्याच्यासमोरून गेलो. आज पहिल्यांदा नीट वाचला. आता तो बैठकीच्या खोलीत, अध्यक्षांच्या खुर्चीमागे लावायचा आहे. चौकशी समितीला दिसलं पाहिजे की इथे काळजी घेतली जाते.

चौकशी कसली ते सांगतो. १७ ऑक्टोबरला तीन नंबरचं विमान रनवेच्या अलीकडे, कुंपणाबाहेरच्या शेतात पडलं. आत एकटी विद्यार्थिनी, वीस वर्षांची, पहिल्याच एकटीच्या लांब उड्डाणावर. जगली. पाठीचे दोन मणके आणि डावा घोटा मोडलाय. पोरं तिला शंका म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत हँगरमध्ये येऊन माझ्या खांद्यावरून बघत उभी राहायची.

"काका, हा बोल्ट याच बाजूने का? उलटा बसवला तर काय होईल?"

"काय होणार? तू वर जाशील आणि मी आत."

ती हसायची आणि वहीत लिहून घ्यायची. म्हणजे बोल्टचं.

तक्त्यात खोटं काही नाही, हेच वाईट आहे. सीटची खीळ नीट बसली नाही, तर ऐन उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरते आणि पोरगं हातातला दांडा धरूनच मागे जातं. विमान नाक वर करून उभं राहतं. टाकीत पाणी साचतं. दमट सकाळी कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिन घुसमटतं. उतरताना एकदा उसळलं की घाबरून दांडा पुढे ढकलतात, मग पुढच्या चाकावर आपटतं. शिक्षकाला वाटतं विमान विद्यार्थ्याच्या हातात आहे, विद्यार्थ्याला वाटतं शिक्षकाच्या, आणि तेवढा वेळ ते कुणाच्याच हातात नसतं. सगळं आपण पाहिलेलं. पण बारा वाक्यं आहेत, आणि बाराही वाक्यांत चुकणारा एकच : विद्यार्थी. खीळ कुणी बसवली, पाणी कुणी काढायचं होतं, हे विचारणारं चित्र त्यात नाही.

समिती तीन जणांची आहे. दोघे बोलत नाहीत. अध्यक्ष चहात बिस्किट बुडवतात आणि ते तुटून पडेपर्यंत आपल्याकडे बघत राहतात. मग चमच्याने तळातला गाळ काढून खातात. माझी साक्ष चालू असताना चार बिस्किटं गेली.

त्यांचा कच्चा अहवाल तयार आहे. इंधन संपलं, रनवेकडे वळताना इंजिन बंद पडलं, त्या वळणात तिने वेग घालवला, पंखांनी हवा सोडली, विमान दगडासारखं खाली आलं. तक्त्यातलं कारण पाचवं आणि कारण दुसरं. इथवर ठीक. गोम पुढे आहे. निघण्याआधी तिने कागदावर इंधन सत्तर लिटर लिहिलंय. जितका वेळ विमान हवेत होतं त्याचा हिशेब केला तर टाकीत छप्पन्नच असणार. म्हणजे तिने टाकी मोजलीच नाही, मनाने आकडा लिहिला. नियमात याला शब्द आहे : खोटी नोंद. चूक करणाऱ्याला पुन्हा उडता येतं. खोटी नोंद करणाऱ्याला कधीच नाही.

अंतिम सुनावणी २१ नोव्हेंबरला आहे.

ती खोटं लिहिणारी नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. तू इथे बावीस वर्षं शिकवलंस, अजूनही वर तुझ्या शब्दाला वजन आहे. समितीला दोन ओळी लिहिशील का, की शिकाऊ मुलांच्या कागदावर एवढा मोठा ठपका ठेवण्याआधी पुन्हा विचार करावा? तू तिला ओळखत नाहीस, खरं आहे. पण अशा पोरींना तू ओळखतेस.

तू इथून गेलीस तो विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझा,
बारक्या


८ नोव्हेंबर

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, आणि ओळी दोनच. 'तुझ्या चार पानांत काठी हा शब्द एकदाही नाही. तिथे इंधन आता कशाने मोजतात?'

काठीनेच मोजतात. दुसऱ्या कशाने मोजणार? तूच शिकवलेलं तुलाच वाचून दाखवायला लावतेस, तर घे. प्रत्येक विमानाची स्वतःची लाकडी काठी असते, सीटमागच्या कप्प्यात. एकाची काठी दुसऱ्याला चालत नाही. पंखावर चढायचं, टाकीचं झाकण काढायचं, काठी तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढायची, ओली रेघ कुठल्या खुणेपर्यंत आली ते वाचायचं. दोन्ही पंखांत तसंच. तीन नंबरच्या काठीला पिवळा दोरा. तोही तूच बांधलेला.

आणि समोरच्या पाटीवरचा इंधनाचा काटा कसा असतो तेही तूच सांगायचीस. नव्या विमानातही तो बेवड्यासारखा डुलतो, जुन्यात तर बोलायलाच नको. 'काटा खोटा, काठी खरी.' हँगरच्या भिंतीवर तुझ्या हातची हातभर मोठी अक्षरं. पोरं आल्याच्या पहिल्या दिवशी त्याच्यासमोर फोटो काढतात.

काढायची, म्हणायला हवं. आता ती भिंत पांढरी आहे.

शंकाने समितीला दवाखान्यातून लेखी दिलं : काटा शून्याकडे झुकलेला मला दिसत होता, पण काठीने सत्तर दाखवले होते, आम्हाला काठीवर विश्वास ठेवायला शिकवतात, हँगरच्या भिंतीवर तसं लिहिलं आहे. कॅप्टननी ते आदल्या दिवशी वाचलं. दुसऱ्या दिवशी समिती भिंत पाहायला आली, तर ओला पांढरा रंग. एका सदस्याने बोट लावलं आणि रुमालाला पुसलं. अध्यक्ष म्हणाले, "कुठे लिहिलंय?" कॅप्टन म्हणाले, "जुना विनोद होता साहेब. कधीचाच पुसला." मी शेजारी उभा होतो. रंगाचा डबा मीच कोठीतून काढून दिला होता.

बघ, हेही लिहून टाकलं. आता तरी म्हणू नकोस की मी लपवतो.

काठीचं म्हणशील तर काठी चोख आहे. समितीच्या डोळ्यांदेखत तीन नंबरच्याच शाबूत राहिलेल्या रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतून तपासली. पाचला पाचची खूण, दहाला दहाची. एका केसाचा फरक नाही. अध्यक्ष म्हणाले, "छान ठेवलीय." टोक चिरलं म्हणून ती मी बदललेली आहे, एवढंच. टोकं चिरतातच. पोरं काठी टाकीत सोडत नाहीत, फेकतात.

झालं समाधान? आता समितीला लिहिशील का, तेवढं सांग. दिवस कमी आहेत.

बारक्या


१४ नोव्हेंबर

ताई,

या वेळी एकच ओळ. 'कधी बदललीस? अपघाताआधी की नंतर?'

तू वर्गातही असंच करायचीस. पोरगं पाच मिनिटं बोलायचं आणि तू एक प्रश्न विचारून त्याला खाली बसवायचीस. उत्तर देतो. आधी हे वाच.

काल दवाखान्यात गेलो होतो. स्वतःहून नाही, कॅप्टननी पाठवलं. एक कागद द्यायचा होता. दवाखाना स्वच्छ आहे, इतका की मला माझ्याच हातांचा वास यायला लागला. पेट्रोल आणि ग्रीस. बत्तीस वर्षांत साबणाने गेला नाही. शंका पाठीला पट्टा बांधून आडवी होती. तिची आई उशाशी बसून कुणाच्या तरी ब्लाउजला काजं करत होती. घरी शिवणकाम करते. हातातलं काम तिने खाली ठेवलं नाही.

"विमानं तुम्हीच दुरुस्त करता?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. ही अंदाजाने आकडा लिहिणाऱ्यातली नाही. माझ्या मशीनखाली वाढलीय. आमच्यात आधी मोजतात, मग कापतात. एकदा कापलं की कापड काही परत वाढत नाही."

"आई, काकांना पाणी दे आधी," शंका म्हणाली.

मी पाणी प्यायलो. पेला संपला तरी तोंडाला लावून ठेवला.

कागद कॅप्टनच्या अक्षरातला. 'घाईत इंधन मोजण्याचे राहून गेले व मी अंदाजे आकडा लिहिला. मला पश्चात्ताप होत आहे.' खाली तिच्या सहीची जागा, पेन्सिलने बारीक फुली मारलेली, म्हणजे शोधायला नको. सही केली तर शब्द सौम्य करू, असा निरोप. सौम्य म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. गेटवरचा पहारेकरी तिला नावाने हाक मारेल आणि आत सोडणार नाही.

तिने दोनदा वाचला.

"काका, मी मोजलं होतं ना?"

"हं?"

"तुम्ही तिथेच होतात. मला ओली रेघ अजून दिसते, इतकी स्पष्ट. पण कॅप्टन म्हणतात, डोक्याला मार लागला की न घडलेलंही दिसतं. असं होतं का हो?"

ताई, इथे मी काय बोललो ते लिहितो, कारण तुला माणसाची पारख आहे आणि मला आता त्यातून सुटायचं नाही. मी म्हणालो, "डॉक्टरांना विचार. तू आराम कर."

"सगळ्यांच्यावर शंका घेत बसले," ती म्हणाली, "स्वतःवरच घ्यायची राहिली होती." आणि हसली. हसताना पाठीत कळ आली तेव्हा आईने सुई थांबवली.

सही अजून केलेली नाही. २१ला चाकांच्या खुर्चीवरून आणणार आहेत तिला, तिथे करीन म्हणाली. कागद उशीखाली ठेवला.

जिन्यावर मला ओकारी आली. कोपऱ्यातल्या कुंडीत ओकलो. झाडूवाली बघत होती. म्हणाली, "दवाखान्यात येऊन आजारी पडणारे तुम्ही पहिलेच."

घरी ही म्हणाली, चेहरा का असा. काही नाही म्हटलं. ही उठून खिडकी उघडायला गेली. आमची खिडकी वर उचलली की राहत नाही, खाली काही तरी टेकवावं लागतं. हिने कपाटामागून काढून एक काठी टेकवली. गेले तीन आठवडे हीच टेकवते. वर्तमानपत्रात गुंडाळून मी ती कपाटामागे ठेवली होती. "बरी लांबी आहे हिची," ही म्हणते. पिवळा दोरा तसाच आहे.

आता तुला उत्तर मिळालं असेल.

बारक्या


२० नोव्हेंबर, दुपार

ताई,

'मला लिहू नकोस. त्यांना सांग.' कार्ड काल आलं. त्यावर तुझी सही नाही. बरोबर आहे, सही करायची गोष्ट माझी आहे.

तरी एकदा तुला लिहितो, म्हणजे उद्या जीभ अडखळणार नाही. क्रमाने लिहितो, तारखांसकट, लॉगबुकात लिहितात तसं.

२६ सप्टेंबर. कुणीतरी तीन नंबरची काठी टाकीत फेकली आणि खालचं टोक उभं चिरलं. कुसळ निघालं होतं. तसं लाकूड टाकीत सुटलं तर जाळीत अडकून इंजिन बंद पडतं. म्हणून मी करवतीने टोक कापलं. ताई, हे मी सुरक्षिततेसाठी केलं. या वाक्याची मला सगळ्यात जास्त किळस येते, कारण ते खरं आहे.

खालून काठी कापली की सगळ्या खुणा तेवढ्याने खाली येतात. टाकीत असतं त्यापेक्षा काठी जास्त दाखवते. हे कळायला इंजिनीअर लागत नाही, शिवणारी बाईही सांगेल. जुन्या खुणा घासून नव्या करायच्या होत्या. त्यासाठी टाकी रिकामी करा, पाच-पाच लिटर ओता, खूण करा, पुन्हा ओता. अर्ध्या दिवसाचं काम. कॅप्टन आले, "मिस्त्री, तीन नंबर अजून आतच? मुलं रांगेत आहेत." काठी मी सीटमागे ठेवून दिली. उद्या खुणा करू म्हटलं. कापलेला तुकडा वॉशरच्या डब्यात टाकला, आठवण राहावी म्हणून. आठवण राहिली. रोज डबा उघडत होतो. रोज दुसरं काही तरी होतं.

आणि रोज काही होतही नव्हतं. टाक्या सकाळी तोंडापर्यंत भरायच्या, उड्डाणं तासाभराची. भरल्या टाकीत कापलेली काठीसुद्धा पूर्ण भिजते. तीन आठवडे ती काठी खोटं बोलू शकली नाही, कारण तिला कुणी काही विचारलंच नाही.

१७ ऑक्टोबर. टँकरचा पाइप फाटला. दुपारपर्यंत इंधन भरणं बंद. तीन नंबरमध्ये आदल्या दिवशीचं उरलेलं होतं. शंकाचं उड्डाण आधीच दोनदा पुढे गेलेलं. ती पंखावर चढली, दोन्ही टाक्या मोजल्या. पस्तीस आणि पस्तीस. सव्वादोन तासांच्या उड्डाणाला पुरून थोडं उरेल इतकं. कॅप्टननी मान डोलावली. ती पंखावरच बसून राहिली, काठी हातात आडवी धरून.

"काका, ही काठी लहान झालीय का?"

खाली पाच-सहा पोरं उभी होती. मी चाकात हवा भरत होतो. मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. डब्यातला तुकडाही आठवला. ताई, तो आठवायला आणि मी बोलायला मधे एक श्वास होता. तेवढ्यात मी ठरवलं. काय ठरवलं ते मला आजही सांगता येत नाही. पण सगळ्यांसमोर 'हो' म्हटलं तर तीन आठवडे उघडे पडले असते.

म्हणालो, "काठी नाही गं लहान झाली. तू मोठी झालीस."

पोरं खो खो हसली. तीही हसली. मी सांगितलं म्हणजे ठीकच असणार. कप्प्यात काठी ठेवली, सत्तर लिहिलं, गेली.

परत येताना वारा समोरून. इथे पोचली तर पुढे दोन विमानं उतरायची होती. हिला आठ मिनिटं घिरट्या घालायला सांगितल्या. काटा शून्यावर डुलत होता, तिने पाहिला, आणि भिंतीवरचं तुझं वाक्य आठवलं. दुसरी कुणी असती तर काट्याला घाबरून ओरडली असती. ही शिकवलेलं पाळणारी. तुझं वाक्य चुकीचं नव्हतं, ताई. काठी खरी असते ती कुणीतरी खरी ठेवली तर.

शेवटच्या वळणात इंजिन गेलं. समोरच्या शेतात सरळ उतरवायला हवं होतं; ती रनवेकडे वळली, जशी सगळी पोरं वळतात, जशी तू त्यांना शंभरदा नको म्हणायचीस. वेग गेला. अहवालात हे बरोबर लिहिलंय.

मी सगळ्यांबरोबर धावलो. आग लागली नव्हती. टाकीत जळायला काही नव्हतंच. लोक म्हणाले, नशीब. टँकरवाला आणि दोन पोरं पट्टा कापून तिला बाहेर काढत होती. ती शुद्धीवर होती, "पाय, पाय" म्हणत होती. मी दुसऱ्या बाजूचं दार उचकटलं. सगळ्यांना वाटलं, मी तिच्यासाठी आलो. मी सीटमागच्या कप्प्यातून काठी काढली, शर्टाखाली घातली आणि बाजूला झालो.

संध्याकाळपर्यंत नवी काठी केली. खुणा इतक्या नेटक्या मी आयुष्यात केल्या नव्हत्या. नवी दिसू नये म्हणून हाताचं ग्रीस तिला चोळलं. दुसऱ्या दिवशी 'ही तीन नंबरची' म्हणून समितीला दिली. अध्यक्ष म्हणाले ते तुला लिहिलंच आहे : छान ठेवलीय.

आता अकरा वर्षांपूर्वीचं. पुढच्या चाकाचा पाय मी तपासला नव्हता. लॉगबुकात 'तपासले' असं लिहून सही केली होती. आदल्या दिवशी एका पोराने तीनदा उसळवत विमान उतरवलं होतं. भेग तेव्हाच पडली असणार. दुसऱ्या दिवशी तू नवख्या विद्यार्थ्याला घेऊन त्याच विमानात उतरलीस, पाय मोडला, पंखा जमिनीत घुसला. अहवालात आलं, 'प्रशिक्षिकेने विमान जोरात टेकवले.' तू हँगरमध्ये आलीस, कपाळाला पट्टी होती. विचारलंस, "बारक्या, पाहिला होतास ना?" मी म्हणालो, "सही आहे ना त्याच्यावर." तू माझ्या सहीकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. मग गेलीस.

आई गेल्यावर दहाव्याला आलीस तेव्हाही माझ्याशी बोलली नाहीस. नातेवाइकांनी मला विचारलं, बहीण एवढी कशी रे फुगते. मी म्हणालो, तिचा स्वभाव. हेही लिहून ठेवतो.

पहिल्या पत्रात मी तुझ्याकडून समितीला चिठ्ठी मागितली. तेव्हाही मला वाटत होतं, मी तिच्यासाठी धडपडतोय. तू चार पानं वाचलीस आणि जे नव्हतं त्यावर बोट ठेवलंस.

आज सकाळी मी हिला सांगितलं, खिडकीची काठी मला लागणार आहे. "मग खिडकी?" म्हणाली. मी सगळं सांगितलं.  हिने उठून काठी काढली, खिडकी धाडकन खाली आली, काच तडकली. फडक्याने काठी पुसायला लागली. म्हटलं, पुसू नकोस. म्हणाली, "चार आठवडे माझ्या हातून टेकवून घेतलीस. मला एकदा तरी विचारायचं होतंस, ही कशाची म्हणून." आता ही शेजारच्या खोलीत आहे.

उद्या साडेनऊला सुनावणी. जाऊन सांगणार आहे असं मी लिहीत नाही. माझ्या लिहिण्यावर आणि सहीवर तू विश्वास ठेवू नयेस. हे पाकीट उद्या दुपारी टाकीन. जे घडेल ते खाली लिहिलेलं असेल. खाली कोरं असलं तर तूच समज.


२१ नोव्हेंबर

साडेनऊला आत गेलो. मला बोलावलेलं नव्हतं. कॅप्टन म्हणाले, "मिस्त्री, बाहेर थांबा." थांबलो नाही. काठी आणि तुकडा अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवले, चिरलेलं टोक टोकाला जुळवून दाखवलं. काठी कधी कापली, तिने काय विचारलं होतं, मी काय म्हणालो होतो, विमानातून काठी कुणी काढली, ते सांगितलं. मग तुझ्या वेळचं पुढच्या चाकाचं सांगितलं. दोन्ही एकाच कागदावर लिहून दिलं. तिच्या उशीखालचा कागद टेबलावर आलेला होता, सहीशिवाय. तो अध्यक्षांनी उलटा करून ठेवला.

तुकडा मोजायला त्यांनी पट्टी मागितली. बारा कारणांचा तक्ता मागे टांगलेला, आणि त्या खोलीत पट्टी कुणाकडेच नव्हती. शंकाने खुर्चीच्या बाजूला लटकवलेल्या पिशवीतून तिची नकाशाची पट्टी काढली. चष्मा अध्यक्ष घरी विसरले होते, म्हणून मोजलंही तिनेच. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी दोनदा लावली.

तीन सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. तसं लिहिलं गेलं.